शून्य भाराचं रोहित्र

चिंचढोण शिवारातलं रोहित्र, ज्याला शिकलेले-न शिकलेले सगळेच डीपी म्हणतात, दर उन्हाळ्यात जळतं. ही तक्रार नाही, माहिती आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात हिरव्या मिरचीला भाव चढला की आठवड्याभरात आमची डीपी जाते. काही व्यापारी तर 'चिंचढोणची गेली का?' असं विचारूनच भाव बांधतात म्हणे.

याचं कारण आहे ऑटो. आमच्याकडे ज्याच्या विहिरीवर मोटार, त्याच्या स्टार्टरला ऑटो. मालक झोपलेला असो, वाटूरला लग्नाला गेलेला असो, नाहीतर पारावर बसून इतरांच्या ऑटोला शिव्या देत असो, लाइट आली की त्याची मोटार आपोआप चालू होते. सगळ्यांच्याच होतात. एकाच क्षणी. मोटार सुरू होताना चौपट-पाचपट करंट ओढते आणि डीपी तेवढ्या वेळात म्हशीसारखी हंबरते. एखाद्या दिवशी हंबरडा थांबतो, तेल उडतं, आणि मग आम्ही सगळे बांधावर येऊन उभे राहतो. आधी शेजाऱ्याच्या मोटारीकडे कान द्यायचा. तिचाही आवाज बंद असला की निवांत तंबाखू मळायची. हा आमचा रिवाज आहे.

हे थांबावं म्हणून 'चिंचढोण रोहित्र संरक्षण व संवर्धन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष मच्छिंद्रराव. चिटणीस मी, भागवत गुरुजी, निवृत्त केंद्रप्रमुख. 'संवर्धन' हा शब्द माझा. रोहित्राचं संवर्धन कसं करतात असं एका उपटसुंभानं भर सभेत विचारलं होतं, त्याला मी तिथल्या तिथं सदस्य करून टाकलं. तेव्हापासून तो काही विचारत नाही.

उपाय घेऊन आली ती राजनंदिनी. आमच्या नंदाबाईची मुलगी. जालन्याला एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात सर्किटचे बोर्ड तयार करते. चौथीला माझ्या वर्गात होती. तिला बेरीज मी शिकवली आहे. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणून आताच नमूद करतो.

तिनं ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक हिरवा बोर्ड ठेवला. त्यावर बांगडीएवढी काळी कडी बसवलेली होती.

"गुरुजी, ह्या कडीत बारीक तारेचे हजार वेढे हायेत," ती म्हणाली. "मोटारीची एक वायर नुसती कडीतून जाऊ द्यायची. कुठं जोडायची न्हाई, सोलायची न्हाई. वायरीतून करंट गेला की वेढ्यांमधी त्याचा हजारावा हिस्सा येतो. तेवढा बोर्डाला वाचता येतो. प्रत्येकाच्या स्टार्टरपाशी एक पेटी. ती डीपीजवळच्या मोठ्या पेटीला सांगणार, माझी मोटार इतकं ओढून राह्यली. मोठी पेटी बेरीज करणार. डीपीला झेपंल तेवढ्याच मोटारी चालू, बाकीच्यांनी थांबायचं. मंग त्यांची पाळी."

"म्हणजे काढ-घाल हिच्या हातात," मच्छिंद्रराव बोर्डाकडं बघत म्हणाले.

"बेरजेच्या हातात," राजनंदिनी म्हणाली.

हा बोर्ड जमायला तिला वर्ष लागलं होतं. एक कडी जास्त करंटला गप्प बसायची, एका बोर्डाचा रेझिस्टर भाजून निघाला, एकदा वेढ्यांची दोन टोकं मोकळी राहिली तर ठिणगीच उडाली. ती हे सगळं हौसेनं सांगत होती आणि नंदाबाई तिच्याकडे बघून हसत होती. नंदाबाईचं हसणं साहजिक होतं. तिनं यंदा सगळं रान मिरचीत घातलं होतं, आणि त्या मिरचीतून लेकीला स्वतःचं वर्कशॉप टाकून द्यायचं असं मायलेकींचं ठरलं होतं. मिरची फुलावर आलेली. फुलावर आलेल्या मिरचीला पाणी चुकलं की फूल गळतं, मग कुणीही काहीही केलं तरी उपयोग नसतो. तेव्हा डीपी टिकण्याची सगळ्यात जास्त निकड तिलाच होती.

वायरमन अजमतभाईंनी सगळीकडे पेट्या बसवल्या. पहिला आठवडा फारच चमत्कारिक गेला. लाइट यायची, चार-दोन मोटारी सुरू व्हायच्या, बाकीच्या थांबायच्या, मग अदलाबदल व्हायची. डीपी हंबरेना. सगळ्यांना पाणी मिळालं. गावात कमालीची अस्वस्थता पसरली.

आठव्या दिवशी मच्छिंद्ररावांनी तातडीची सभा बोलावली. त्यांची मोटार थांबली होती आणि त्याच वेळी त्यांच्या बांधाशेजारच्या बेबीनंदाची चालू होती. बेबीनंदाचं रान ते किती, टॉवेल वाळत घालावा तेवढं.

"ह्या पेटीला माणूस वळखू येत न्हाई का?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाई काका. तिला अँपिअर वळखू येतात," राजनंदिनी म्हणाली. ती खास सुट्टी टाकून आली होती.

"बरं. मंग मला सांग, वायरी तीन. लाल, पिवळी, निळी. ही पेटी लालच का मोजती?"

"कुठलीबी एक चालती. तिन्हीत सारखाच करंट असतो. अजमतचाचांच्या हाताला लाल आली, म्हणून लाल."

इथं सभा पेटली. आमच्या गावात रंगाचा विषय निघाला की कुणाला आपला रंग सांगावा लागत नाही, आणि दुसऱ्याचा तर पाठच असतो. पिवळीला का डावललं, असं एका बाजूनं आलं. निळीला कडीतून जायची मनाई आहे का, तसं लेखी द्या, असं दुसरीकडून आलं. लालवाल्यांचं म्हणणं असं, की सगळा भार आमच्याच डोक्यावर मोजायचा आणि बाकीच्यांनी फुकट फिरायचं, ही कुठली रीत? एकाला मोजणं हा मान आहे की अपमान, यावर एकमत होत नव्हतं, पण अन्याय झालाय यावर होत होतं.

अशा वेळी चिटणीसाची कसोटी लागते. मी उठलो आणि ठराव वाचला: 'तिन्ही वायरींस समान वागणूक देण्यात येऊन त्या एकत्रितपणे व सन्मानपूर्वक एकाच कडीतून नेण्यात याव्यात.' टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"गुरुजी, बोर्डावर छापलेलं हाय," अजमतभाई हळूच म्हणाले. "एकच वायर टाका म्हणून. बिलकुल मोठ्या अक्षरात."

"अजमतभाई, छापील मजकूर मोठा की ठराव?"

त्यांनी पक्कड उचलली. त्यांना गावातच राहायचं होतं.

राजनंदिनी मात्र उभी राहिली. "गुरुजी, तिन्ही एकत्र टाकल्या तर बेरीज शून्य येईल."

मी हसलो. प्रेमानं हसलो. "बाळ, तीन गोष्टींची बेरीज शून्य? हे मी शिकवलं होतं का तुला?"

"तीन गडी एका गाठीला तीन दोर बांधून तीन बाजूंनी ओढून राह्यले. बराबर सारख्या जोरानं. गाठ जागची हलंल का?"

"नाही."

"मंग कुणी ओढीतच न्हाई, असं म्हणायचं का? कडीला नुसती गाठ दिसती, गुरुजी. आत तिन्ही करंट एकमेकाला खोडतात. पेटीला वाटंल मोटार बंदच हाय."

उदाहरण चांगलं होतं. पण ठराव मंजूर झाला होता, आणि मंजूर ठरावात गाठीचा उल्लेख नव्हता.

संध्याकाळपर्यंत अजमतभाईंनी सगळ्यांच्या तिन्ही वायरी कड्यांतून ओवल्या. फक्त नंदाबाईनं त्यांना बांधावरूनच परत पाठवलं. "माझ्या पोरीनं एक सांगितली, मी एकच ठेवणार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लाइट आली. सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. एकाही पेटीनं कुणाला थांबवलं नाही. प्रत्येकाच्या पेटीवर हिरव्या अक्षरात शून्य. लोक एकमेकांना फोन करून सांगत होते, "तुझं किती? माझं बी शून्यच!" डीपी पूर्वीपेक्षा जोरात हंबरली, पण हंबरणं मोजायची सोय पेटीत नव्हती.

राजनंदिनीनं जालन्याहून फोन केला. तिचा आवाज चढला होता. "गुरुजी, जळंल ती! मी प्रोग्रॅममधी एक ओळ घालते. लाइट हाय, स्टार्टर चालू हाय आणि तरीबी शून्य दिसतंय, तर मोटार बंद करायची. बस्स."

"प्रोग्रॅममध्ये बदल म्हणजे धोरणात बदल," मी समजावलं. "त्याला ग्रामसभा लागते. ग्रामसभेला कोरम लागतो. आणि सध्या सगळे रानात पाणी देऊन राह्यले."

तिनं फोन ठेवला. आजकालच्या मुलांना धीर नाही.

याच सुमारास वीज कंपनीचे साहेब पाहणीला आले. देवानंद साहेब. गृहस्थ उमेदीचे, कपाळावर घाम, हातात फाइल. दर उन्हाळ्यात आमच्या डीपीपायी वरच्यांची बोलणी खाऊन ते कावले होते. मोठ्या पेटीसमोर उभे राहिले आणि चष्मा काढून पुसला.

"गुरुजी, एवढं शिवार भिजतंय आणि रोहित्रावर लोड... जवळजवळ शून्य?"

"नियोजन," मी म्हणालो.

"राज्यात कुठं नसेल असं!" त्यांनी फाइल छातीशी धरली. "याचा कार्यक्रम केला पाहिजे. 'शून्य भार शिवार.' वरिष्ठांना बोलावतो." मग पुन्हा पेटीत डोकावले. "फक्त हे 'जवळजवळ' काढता आलं तर बघा. सात अँपिअर दाखवतंय."

सात अँपिअर कुणाचे याचा शोध घ्यायला फार वेळ लागला नाही. नंदाबाईचे. समितीनं प्रकरण गंभीरपणे हाताळलं. नोंदीनुसार शिवारातल्या सगळ्या मोटारींचा भार शून्य होता, आणि नंदाबाईचा सात. म्हणजे गावाच्या रोहित्रावरचा शंभर टक्के भार एकटी नंदाबाई टाकत होती. आणि डीपी तर तापत होती, हे कुणीच नाकारत नव्हतं. मग ती कुणामुळे तापत होती? गणित सरळ होतं. गणितात भावनेला जागा नसते, हे मी तीस वर्षं सांगत आलो आहे.

तिला खुलासा द्यायला बोलावलं.

"अहो गुरुजी, डोकं फिरलं का तुमचं?" तिनं सुरुवातच अशी केली. "सगळ्यांच्या मोटारी चालून राह्यल्या, मला कानानं ऐकू येतंय. डीपीखाली उभं राह्यलं तर तेलाचा वास येतोय. जरा जाऊन बघा की."

"नंदाबाई, कान आणि नाक ही अधिकृत उपकरणं नाहीत."

"मंग माझ्या सात अँपिअरनं डीपी तापली म्हणता?"

"पेटी म्हणते. पेटी तुमच्याच मुलीची आहे."

 नंदाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं पदरानं नाही, मनगटानं पुसलं. "बाकीच्या दोन वायरी कडीत टाका, विषय मिटवा," मच्छिंद्रराव मोठ्या मनानं म्हणाले.

"पोरीनं वर्षभर डोळे फोडून बनवलेल्या बोर्डाला मी खोटं बोलायला लावू? जमणार न्हाई."

तेव्हा, कार्यक्रम होईपर्यंत तात्पुरती उपाययोजना म्हणून, तिच्या मोटारीचा फ्यूज काढण्यात आला. अजमतभाईंनी काढला आणि तिच्याकडे न बघता खिशात घातला. मोठ्या पेटीवर शून्य झळकलं. पूर्ण शून्य. देवानंद साहेबांनी फोटो काढून वर पाठवला. तिकडे नंदाबाई हंड्यानं मिरचीला पाणी घालू लागली. झाडागणिक तांब्याभर. तिचं रान डीपीवरून स्पष्ट दिसतं, त्यामुळे फोटो दुसऱ्या बाजूनं घ्यावा लागला.

कार्यक्रम डीपीखालीच ठेवला होता. मांडव, हार, वरिष्ठांसाठी तीन मोठे कूलर. कूलरची वायर थेट वर आकडा टाकून घेतली होती, कारण ती कुठल्याच कडीतून जात नसल्यानं भारात धरायचा प्रश्न नव्हता. वरिष्ठांनी शून्यासमोर नारळ फोडला, तेव्हा नेमकी लाइट गेली होती. देवानंद साहेबांनी बॅटरीवरचा माइक हातात घेऊन "चिंचढोणनं जगाला दाखवून दिलं" एवढं म्हटलं, आणि तेवढ्यात गेलेली लाइट परत आली. शिवारातल्या सगळ्या मोटारी सगळ्या ऑटोंसकट एकदम सुरू झाल्या, वर कूलर.

डीपी हंबरली. मग काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला, आणि काळं तेल मांडवाच्या कापडावर सांडलं. पळापळ झाली. वरिष्ठांचा एक बूट अजून ग्रामपंचायतीत आहे. मोठी पेटी बॅटरीवर चालते, ती मात्र शांत होती. तिच्यावर शून्य होतं.

नव्या डीपीचा अर्ज मी स्वतः घेऊन गेलो. देवानंद साहेबांनी तो वाचून परत माझ्यासमोर सरकवला.

"गुरुजी, ज्या रोहित्रावर भारच नाही, ते जळतं कसं?"

"साहेब, तुमच्या डोक्यावर तेल पडलं होतं."

"ते मी बघितलं. पण नोंदीत नाही." ते खिन्न होते. माणूस वाईट नव्हता. "नोंदीप्रमाणे त्या शिवारात विजेची गरजच नाही. आता मी मोठं रोहित्र कशाच्या आधारावर मागू? फक्त एक ग्राहक सापडतो. सात अँपिअर. नियमित, रोज, प्रामाणिक. त्यांच्यापुरतं लहान मंजूर होतंय."

अशी आमच्या शिवारात नंदाबाईच्या एका मोटारीला पुरेल एवढीच डीपी आली. खांबावर ती एवढीशी दिसायची. राजनंदिनी आईसाठी दोन दिवस आली, लाल वायर कडीत आहे ना ते बघितलं, फ्यूज आपल्या हातानं बसवला. मोटार चालू झाली. पाणी सरीत शिरलं तेव्हा दोघी मायलेकी वाफ्याच्या कडेला बसून राहिल्या. काही फुलं गळाली होती, पण पुष्कळ शिल्लक होती. मिरची वाचली असती.

मी त्या दिवशी बांधावर उभा राहून ते पाहिलं. मला आनंद झाला. आणि माझ्या मिरचीकडे पाहून वाटलं, एवढ्या मोठ्या कंपनीची डीपी, एक जास्तीची मोटार काय तिला जड आहे? फक्त माझी एक, ती पण लहान. मी अजमतभाईंना बोलावलं. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पण?" 'पण' या शब्दावर मी जरा थबकलो, मात्र चौकशी केली नाही. त्यांनी आकडा टाकला आणि गेले.

राजनंदिनीला दुसऱ्या दिवशी सकाळीच संशय आला. पेटीवर सातच अँपिअर, आणि डीपीचा आवाज मोठ्या डीपीसारखा. ती पारावर आली. "खरं सांगा, कुणाकुणाच्या मोटारी जोडल्यात?"

"माझी एकट्याची," मच्छिंद्रराव म्हणाले. "तीबी घंटाभर."

"माझी एकटीची," बेबीनंदा म्हणाली.

पारावर जेवढे होते ते सगळे आळीपाळीनं एकटेच होते. माझ्याकडे तिनं वळून पाहिलं तेव्हा मी चौथीच्या वर्गात असल्यासारखं खाली बघितलं. तिनं कपाळावर हात मारला आणि डीपीकडे पळत सुटली. ती पोहोचायच्या आत ठप्प असा आवाज झाला. लहान डीपीचा आवाजही लहान होता.

माझी मोटार बंद पडली. मी पारावरून उठून बांधावर आलो आणि, रिवाजाप्रमाणे, आधी नंदाबाईच्या विहिरीकडे कान दिला. तिकडेही सामसूम. मला बरं वाटलं. मग तिच्या रानाकडे नजर गेली, आणि वाईट वाटलं. खोटं सांगत नाही, फार वाईट वाटलं. पण आधी बरं वाटलं, मग वाईट.

पंधरा दिवसांत सगळ्यांची मिरची गेली. नंदाबाई वाळलेलं झाड उपटता उपटता मला म्हणाली, "झालं का गुरुजी बराबर? आता सगळ्या वायरी सारख्या." राजनंदिनी पेट्या काढून घेऊन जालन्याला गेली. वर्कशॉपचं तिनं नाव काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

आणि तुम्ही, हे वाचून मान हलवणारे, आमच्या अडाणीपणावर हसून राह्यलात. हसा. फक्त एवढं सांगा, परवा तुमच्या घरातली लाइट गेली तेव्हा तुम्ही आधी मेणबत्ती शोधली, की खिडकीत जाऊन समोरच्यांची पण गेली का ते बघितलं? आणि त्यांचीही गेलेली दिसली तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?